ऊर्जेच्या उंबरठ्यावर, लेखांक ७ : एकदा पेटवणं आणि पेटतं ठेवणं

५ डिसेंबर २०२२ रोजी कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर प्रयोगशाळेत १९२ लेसर किरणांनी धातूच्या एका छोट्या नळकांडीत २०.५ लाख जूल ऊर्जा ओतली. आत ठेवलेली इंधनाची गोळी चिरडली गेली, ड्युटेरियम आणि ट्रिटियमचं संमीलन झालं आणि ३१.५ लाख जूल ऊर्जा बाहेर पडली. जगभर बातमी झाली, आणि व्हायलाच हवी होती. पण तो लेसर एकदा चालवायला वीजजाळ्यातून सुमारे ३० कोटी जूल घ्यावे लागतात. शिवाय तो काचेचा लेसर आहे. एका शॉटनंतर त्याच्या जाडजूड काचा निवायला काही तास जातात. वीज विकायची तर असे शॉट सेकंदाला पाच ते दहा हवेत.

काच तापते, तिचा आकार किंचित बिघडतो, जास्त ताण आला तर ती तडकते. वायूला तडा जात नाही. तापलेला वायू पंख्याने पुढे ढकलायचा, गार करायचा आणि पुन्हा आत घ्यायचा. म्हणून संमीलनासाठी वायूचे लेसर वापरायची कल्पना पन्नास वर्षांपासून पुन्हा पुन्हा डोकं वर काढते आहे.

तिच्या पहिल्या पर्वातलं एक नाव प्रत्येक मराठी वाचकाला माहीत असायला हवं. बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले चंद्रकुमार पटेल यांनी अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत १९६४ साली कार्बन डायऑक्साइड लेसर घडवला. ताकदवान आणि वीज न उधळणारा हा लेसर पुढे कारखान्यांत पोलाद कापू लागला. लॉस अलामॉसच्या शास्त्रज्ञांनी त्याच तत्त्वावर आधी ‘हेलिओस’ आणि १९८३ साली २४ किरणांचा ‘अँटारेस’ हा अवाढव्य लेसर उभा केला.

घात केला तो तरंगलांबीने. हा प्रकाश अवरक्त, १०.६ मायक्रॉनचा. गोळीवर पडताच पृष्ठभागाचा प्लाझ्मा होतो, आणि इतक्या लांब तरंगांना त्या प्लाझ्माच्या दाट थरापर्यंत पोचताच येत नाही. बाहेरच्या विरळ थरातच ऊर्जा शोषली जाते, तिथले काही इलेक्ट्रॉन भन्नाट वेगाने सुटतात आणि थेट आतलं इंधन तापवतात. इंधन दाबण्याआधीच तापलं की दाबणं फार जड जातं. लॉस अलामॉसचा हा मार्ग ऐंशीच्या दशकातच बंद झाला. यंत्रं उत्तम होती, प्रकाश चुकीचा होता.

मग अतिनील प्रकाश देणारा वायू शोधणं आलं. क्रिप्टॉन एरवी कुणाशी संयोग करत नाही. पण त्याच्या आणि फ्लोरिनच्या मिश्रणात इलेक्ट्रॉनांचा झोत सोडला, की दोघं क्षणभर एकत्र येतात, २४८ नॅनोमीटरचा प्रकाश देतात आणि लगेच विलग होतात. विलग झाल्यामुळे तो प्रकाश परत शोषून घेणारे रेणूच मागे उरत नाहीत. लिव्हरमोरची काच मुळात अवरक्त प्रकाश देते. तो स्फटिकांतून काढून ३५१ नॅनोमीटरवर आणताना ऊर्जा वाया जाते. इथे ती खटपटच नाही.

वॉशिंग्टनच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेने हा धागा चिकाटीने धरून ठेवला. तिथल्या ‘नाइके’ लेसरने आणखी एक गोष्ट दाखवली : गोळी आकसत जाते तसा किरणाचा ठिपकाही लहान करता येतो, म्हणजे कडेने प्रकाश वाया जात नाही. पण खरी परीक्षा ‘इलेक्ट्रा’ या दुसऱ्या यंत्रात झाली. त्यात पाच लाख व्होल्टने इलेक्ट्रॉन फेकले जातात निर्वात पोकळीतून, आणि वायू असतो पलीकडे, दाबाखाली. मध्ये केसापेक्षा पातळ धातूचा पत्रा. त्याला आधार शेगडीच्या जाळीसारख्या पट्ट्यांचा. इलेक्ट्रॉन आरपार गेले पाहिजेत, वायू मात्र गळता कामा नये. प्रत्येक शॉटला पत्रा तापतो आणि धक्का खातो, शिवाय पलीकडे फ्लोरिनसारखा भयंकर गंजवणारा वायू. अभियंत्यांची वर्षानुवर्षं या पत्र्याला गार ठेवण्यात गेली. अखेर इलेक्ट्रा सेकंदाला अडीच शॉटच्या गतीने सलग दहा तास चालला. नव्वद हजार शॉट! संमीलनाच्या इतिहासात या आकड्याला मिळायला हवं तेवढं मोल मिळालेलं नाही.

इलेक्ट्राचा एक शॉट मात्र सुमारे ७०० जूलचा. लिव्हरमोरच्या त्या शॉटशी तुलना केली तर फरक जवळपास तीन हजार पटींचा. नौदलाची प्रयोगशाळा आता क्रिप्टॉनऐवजी आरगॉन घेऊन १९३ नॅनोमीटरच्या, आणखी आखूड तरंगाच्या मागे आहे. २०२२ साली सुरू झालेल्या डेन्व्हरच्या ‘एक्सिमर एनर्जी’ने दुसरी वाट धरली आहे : क्रिप्टॉन-फ्लोराइडचा लांब, स्वस्त स्पंद आधी तयार करायचा आणि मग तो दुसऱ्या वायूतून आखूड, तीव्र करून घ्यायचा. २०२४ मध्ये या कंपनीने १० कोटी डॉलर उभे केले. तीन हजार पटींची ही दरी पैशाने थोडी बुजेल. बाकीची त्या पत्र्यावर, आरशांवर आणि खिडक्यांवर दिवसरात्र काम करूनच बुजवावी लागेल.

आणि लेसर साधला तरी सेकंदाला पाच शॉट म्हणजे दिवसाला चार लाखांवर इंधनगोळ्या लागणार. त्या घडवायच्या कशा आणि प्रत्येकीवर नेम धरायचा कसा, ते पुढच्या आठवड्यात.