फवारणीच्या विषात श्वास कुठे अडतो?

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झाली आणि २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं. केळापूर हा याच जिल्ह्यातला कापसाचा तालुका. पांढरकवडा या तालुक्याच्या ठिकाणाच्या आसपासच्या शिवारांत आजही पऱ्हाटी वाढली की पंप पाठीवर चढतो. म्हणून हे विष श्वास कसा थांबवतं, हे इथल्या प्रत्येक घराला माहीत असायला हवं.

शांत बसलेला माणूस मिनिटाला १२ ते १६ वेळा श्वास घेतो आणि दर वेळी साधारण अर्धा लिटर हवा आत जाते. भरलेला पंप घेऊन उन्हात चालताना हे प्रमाण कितीतरी पटींनी वाढतं. दम लागला की माणूस तोंडाने श्वास घेऊ लागतो आणि नाकाची गाळणी टळते. मोठे थेंब नाक-घशात अडकतात. ५ मायक्रॉनपेक्षा बारीक तुषार मात्र खोल उतरतात. श्वासनलिकेला एकामागून एक सुमारे २३ वेळा फाटे फुटतात आणि शेवटी कोट्यवधी वायुकोश येतात. त्यांचा एकूण पृष्ठभाग सुमारे ७० चौरस मीटर असतो. हवा आणि रक्त यांच्यातला पडदा एक मायक्रॉनपेक्षाही पातळ असल्यामुळे प्राणवायू क्षणात रक्तात मिसळतो. विषालाही तीच वाट मोकळी असते.

पण विष फक्त श्वासावाटे येत नाही. फवारणीत त्याचा मोठा वाटा कातडीतून शिरतो. पऱ्हाटी छाती-खांद्यापर्यंत वाढलेली असली, तर औषधाने ओली झालेली पानं अंगाला घासतात आणि भिजलेला सदरा दिवसभर अंगावर राहतो. नाकाला बांधलेला दुपट्टा म्हणूनच पुरेसा नाही.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी कीटकनाशकं ऑरगॅनोफॉस्फेट गटातली. नस स्नायूला आदेश देते तो ॲसिटिलकोलीन या रसायनाच्या मदतीने. काम झालं की एक विकर त्याचं विघटन करतं. हे विष त्या विकरालाच निकामी करतं, त्यामुळे आदेश थांबतच नाही. श्वासनलिका आकसतात आणि आत पाण्यासारखा स्राव साचतो. छातीखालचा श्वासपटल हा श्वासाचा मुख्य स्नायू. तो आधी थरथरतो, मग लुळा पडतो. मेंदूच्या तळाशी असलेलं श्वसनकेंद्रही मंदावतं. फुप्फुस, स्नायू आणि मेंदू असे तिन्हीकडून श्वासावर घाव पडतात.

उपचारही त्यामुळे एका इंजेक्शनवर भागत नाही. ॲट्रोपिनने स्राव आटतो आणि श्वासनलिका सैल होतात, पण लुळा पडलेला श्वासपटल त्याने हलत नाही. विकर पुन्हा कामाला लागावं म्हणून प्रॅलिडॉक्सिम देतात. श्वासाचे स्नायू थकले, तर ते सावरेपर्यंत व्हेंटिलेटरच श्वास चालवतो.

सर्वांत मोठा धोका फसव्या सुधारणेचा. श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी १९८७ मध्ये नोंदवलं की सुरुवातीची लक्षणं ओसरल्यावर, विषबाधेनंतर साधारण १ ते ४ दिवसांत, काही रुग्णांच्या मानेचे आणि श्वासाचे स्नायू अचानक दुबळे होतात. उशीवरून मान उचलता न येणं ही त्याची ठळक खूण. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून रुग्णाला घरी नेण्याची घाई इथेच जिवावर बेतते.

फवारताना मळमळ, तोंडाला फेस, दरदरून घाम, बारीक झालेल्या बाहुल्या किंवा छातीत घरघर दिसली, तर काम तिथेच थांबवावं. कपडे काढून अंग साबण-पाण्याने धुवावं आणि औषधाचा डबा सोबत घेऊन थेट दवाखाना गाठावा. डब्यावरच्या नावावरून डॉक्टरांना विषाचा गट कळतो. ते महत्त्वाचं, कारण प्रत्येक विषाला उतारा नसतो. श्वासाला वेळेवर आधार मिळाला तर या विषातून माणूस वाचू शकतो. त्यासाठी पांढरकवड्यासारख्या तालुक्याच्या ठिकाणी हंगामभर ॲट्रोपिन, प्राणवायू आणि व्हेंटिलेटर सज्ज असणं ही बियाणं-खताइतकीच पेरणीची तयारी मानली पाहिजे.