रिकाम्या डब्याची परीक्षा

दिवाळी सरली की तीनेक आठवड्यांनी, कार्तिक वद्य एकादशीला, निर्मळची यात्रा सुरू होते. शंकराचार्यांच्या समाधिमंदिराला येणारी गर्दी, खाजा-मिठाईची दुकाने, पाळणे हे सारे वसईकरांच्या परिचयाचे आहे. मात्र ज्या भूमीवर ही यात्रा भरते ती एका जुन्या बंदराची वाट आहे, याची आठवण आता फारशी कोणी काढत नाही. निर्मळच्या शेजारी सोपारा. ग्रीक खलाशाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये ‘सुप्पारा’ म्हणून नोंदले गेलेले हे बंदर. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथला स्तूप उकरला. सम्राट अशोकाच्या आज्ञालेखांचे तुकडेही याच टापूत मिळाले. त्यांतला एक १९५६ साली निर्मळजवळच्या भुईगावात सापडला. दोन हजार वर्षे या पट्ट्यातून माल समुद्रापार जातो आहे.

माल बांधताना काय पाहावे, मुद्रा कशी मारावी, याचे नियमही तितकेच जुने. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शुल्काध्यक्षाचे स्वतंत्र प्रकरण आहे. मालावर मुद्रा नसेल तर दुप्पट शुल्क, मुद्रा खोटी असेल तर आठपट दंड, असे तेथे सांगितले आहे. मुद्रेची जागा आज बोल्ट सीलने घेतली आहे आणि गोणी-पेटाऱ्यांची जागा पोलादी डब्याने, म्हणजे कंटेनरने. माल भरण्याआधी तो रिकामा डबा नीट पाहणे, हे काम दिसायला किरकोळ आहे. प्रत्यक्षात निर्यातीच्या व्यवहारातला इतका स्वस्त आणि इतका दुर्लक्षित विमा दुसरा नसेल.

वालीवला येणारी गाडी

निर्मळची बाजू वाड्यांची. केळी, भाजी, सोनचाफा, मोगरा. रेल्वेरुळांच्या पूर्वेला गेले की वालीव, सातिवली, गोखिवरे आणि पेल्हारचा कारखान्यांचा पट्टा लागतो. यंत्राचे सुटे भाग, प्लास्टिक, पॅकेजिंग, रसायने, स्टीलच्या वस्तू. यातला निर्यातीचा माल बहुतेक करून न्हावा-शेव्याहून जातो. २६ मे १९८९ रोजी कार्यान्वित झालेले हे बंदर आता वर्षाला सत्तर लाखांहून अधिक टीईयू, म्हणजे वीस फुटी डब्यांच्या हिशेबाने तेवढे डबे, हाताळते.

कारखान्यातच माल भरायचा असेल तर रिकामा डबा उरण-द्रोणागिरी-पनवेलच्या एखाद्या यार्डातून उचलला जातो. ट्रेलर ठाण्यातून घोडबंदर रस्त्याला लागतो, गायमुखच्या घाटात अडकतो आणि वर्सोवा पुलावरून वसईत शिरतो. गाडी लागेपर्यंत बहुधा रात्र झालेली असते. माथाडी कामगार वाट पाहत असतात, फोर्कलिफ्टवाला थांबलेला असतो, सीमाशुल्काचे काम पाहणाऱ्या दलालाचा, म्हणजे सीएचएचा, फोन वाजत असतो, जहाजाचा कटऑफ, म्हणजे डबा बंदरात पोहोचवायची शेवटची वेळ, जवळ येत असतो. अशा वेळी डबा खराब निघाला तर तो परत पाठवायचा म्हणजे पूर्ण दिवस गेला. म्हणून दार उघडून आत एक नजर टाकली जाते, झाडू फिरतो आणि माल भरायला सुरुवात होते. बहुतेक नुकसानीची मुळे या एका नजरेत असतात.

यार्डातून डबा बाहेर पडताना ईआयआर नावाची पावती मिळते. तिच्यावर डब्याची अवस्था लिहिलेली असते. ड्रायव्हरने ‘साउंड’ म्हणून सही केली, की नंतर दिसलेला पोचा, फाटलेले रबर किंवा तुटलेली फळी ही डबा नेणाऱ्याच्या खात्यात जमा होते. म्हणजे परीक्षा खरे तर यार्डाच्या फाटकावरच सुरू व्हायला हवी.

पाटीवर काय लिहिले असते

आजचा डबा ही माल्कम मॅक्लीन या अमेरिकी ट्रकमालकाची देणगी. २६ एप्रिल १९५६ रोजी त्याचे ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ डबे घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनकडे निघाले. पुढे मापे ठरली, कोपऱ्यांच्या पोलादी ओतीव खोबण्या ठरल्या आणि जगभरच्या क्रेन एकाच आकाराला सरावल्या. डबे एकमेकांवर रचले जाऊ लागल्यावर सुरक्षेचा प्रश्न आला. १९७२ साली त्यासाठी आंतरराष्ट्रीय करार झाला, तो १९७७ पासून अमलात आहे. त्याला सीएससी म्हणतात.

या कराराची खूण प्रत्येक डब्याच्या दारावर असते. रिव्हेट मारलेली, तळहाताहून थोडी मोठी धातूची पाटी. घडणीची तारीख, ओळख क्रमांक, कमाल एकूण वजन, डोक्यावर किती भार पेलेल, हे सारे तिच्यावर कोरलेले असते. पुष्कळ डब्यांवर कमाल वजन ३०,४८० किलो दिसते. रचणीच्या भाराचा आकडा १,९२,००० किलोपेक्षा कमी असेल तर तो डबा कमी ताकदीचा, त्यावर तशी वेगळी खूण हवी. नव्या डब्याची पहिली तपासणी पाच वर्षांच्या आत आणि त्यानंतर दर तीस महिन्यांनी व्हावी लागते. ती तारीख पाटीवर दिसते. नसेल तर मालक कंपनीचा सातत्याच्या तपासणीचा एसीईपी क्रमांक असतो. तारीख उलटून गेलेली आणि एसीईपीही नाही, असा डबा आत शिरायच्या आधीच नापास.

क्रमांकही वाचून घ्यावा. चार अक्षरे, सहा आकडे आणि चौकटीतला एक तपासणी अंक, अशी त्याची रचना. पाठ्यपुस्तकी उदाहरण सीएसक्यूयू ३०५४३८ या क्रमांकाचे. अक्षरांना ठरलेल्या किमती देऊन प्रत्येक स्थानाला १, २, ४, ८ असे दुपटीने गुणत गेले की बेरीज ६१८५ येते. तिला ११ ने भागले की बाकी ३ उरते, आणि चौकटीत ३ च असायला हवा. मोबाइलवर हा हिशेब क्षणात होतो. क्रमांक चुकीचा लिहिला गेला तर शिपिंग बिल, सील आणि डबा यांचा मेळ बसत नाही आणि माल बंदराच्या फाटकावर अडकतो.

सात जागा

अमेरिकेने नोव्हेंबर २००१ मध्ये मालवाहतुकीच्या सुरक्षेसाठी सी-टीपॅट हा कार्यक्रम सुरू केला. त्यातून रिकाम्या डब्याच्या सात जागा पाहण्याची पद्धत जगभर रुजली: खालची बाजू, दरवाजे आतून-बाहेरून, उजवी भिंत, डावी भिंत, समोरची भिंत, छत आणि तळ. यादी पाठ करायला सोपी आहे. प्रत्येक जागी नेमके काय शोधायचे, ते शिकवावे लागते.

भिंतीवर हातोडीने हलके ठोकावे. सगळीकडे आवाज सारखा यायला हवा. मग फीत लावावी. वीस फुटी डब्याची आतली लांबी साधारण ५.९ मीटर, चाळीस फुटीची १२ मीटरच्या किंचित पुढे. आतली उंची साध्या डब्यात सुमारे २.३९ मीटर, जास्त उंचीच्या हाय क्यूब डब्यात २.६९. फीत वितभर कमी भरली तर खोटी भिंत किंवा खोटा तळ असल्याचा संशय घ्यावा. हा संशय काल्पनिक नाही. जुलै २०२२ मध्ये नवी मुंबई परिसरात उभ्या असलेल्या, संगमरवर घेऊन आलेल्या एका डब्यातून सुमारे ७२ किलो हेरॉईन पकडले गेले. ते मालात नव्हते, डब्याच्या दरवाजाच्या चौकटीत दडवलेले होते. आयातीचा डबा रिकामा झाला की तोच पुढे निर्यातीला जातो. आत काही राहून गेले असेल तर जबाबदारीचा पहिला प्रश्न नव्या माल भरणाऱ्याला विचारला जातो.

दरवाजाजवळ सर्वांत जास्त वेळ द्यावा. बिजागऱ्या, लॉकिंग बार, त्यांची खालची-वरची टोके, कडेचे रबर. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ज्या कडीत सील अडकवायचे तिला धरून ठेवणारा बोल्ट किंवा रिव्हेट. तो साध्या पान्याने सुटत असेल तर चोर सीलला हात न लावता कडी काढतो, दार उघडतो, माल काढतो आणि कडी परत बसवतो. सील शाबूत, डबा हलका. हा बोल्ट नवा चकचकीत दिसला, त्याच्याभोवतीचा रंग उखडलेला दिसला, की डबा थांबवावा.

मग प्रकाशाची परीक्षा. आधी दोन्ही दारे उघडी ठेवून हवा खेळू द्यावी. कारण आधीच्या फेरीत डब्याला धुरी दिलेली असू शकते, आणि मिथिल ब्रोमाइड किंवा फॉस्फिनचा राहिलेला अंश माणसाला घातक ठरतो. नंतर एकाने आत उभे राहावे, दुसऱ्याने बाहेरून दार लावून तेथेच थांबावे. अंधाराला डोळे सरावले की छताचे सुईएवढे भोकही चांदणीसारखे चमकते. जून-जुलैच्या वसईत या भोकातून एका रात्रीत किती पाणी आत येईल, हे सांगायला नको. भोक सापडले नाही तरी ओल आहे का ते पाहावेच. तळाच्या प्लायवूडमध्ये मुरलेले पाणी समुद्रात दिवसा वाफ होऊन वर जाते, रात्री थंड छताला लागून थेंबाथेंबाने मालावर पडते. खोकी पिचतात, लोखंडाला गंज चढतो, कापडाला बुरशी लागते. त्यासाठी ओलावा मोजायचे छोटे यंत्र मिळते. ते नसेल तर हात, नाक आणि पांढरे फडके तरी वापरावे. तेलाचा डाग, रसायनाचा वास, वर आलेला खिळा, आधीच्या धोकादायक मालाचे चिकटपत्र, यांतले काहीही दिसले तर ते दूर केल्याशिवाय माल आत जाऊ नये.

कीड, केळी आणि थंडी

फळ्यांच्या फटीत आणखी एक शत्रू राहतो: धान्यातला खपरा भुंगेरा. त्याच्या अळ्या अन्नाशिवाय दीर्घकाळ जगतात. २०२० साली ऑस्ट्रेलियात तो आयात झालेल्या रेफ्रिजरेटरच्या पॅकिंगमध्ये सापडला. फ्रिजमध्ये त्याच्या खाण्याजोगे काहीच नसते, तरी तो तेथे पोहोचला. २०२१ पासून त्या देशाने खपरा आढळणाऱ्या देशांतून येणाऱ्या मालावर आणि डब्यांवर कडक नियम घातले. त्या देशांत भारत आहे. कोपऱ्यात राहिलेले मूठभर तांदूळ झाडून काढणे हे म्हणूनच सफाईपुरते मर्यादित काम नाही. लाकडी पॅलेटलाही जागतिक नियम लागू आहे: उष्णतेची प्रक्रिया करायची तर लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश तापमान सलग तीस मिनिटे, आणि तशी छाप.

थंड डब्याची, म्हणजे रीफरची, परीक्षा वेगळी. नाशिकची द्राक्षे शून्य अंशाच्या आसपास जातात, जळगाव-सोलापूरची केळी साधारण १३ ते १४ अंशांवर. केळ्याला त्याखालची थंडी लागली की साल काळवंडते, हे वसईच्या जुन्या बागायतदाराला सांगावे लागणार नाही. डबा यार्डातून निघण्याआधी थंड करणाऱ्या यंत्राची प्रवासापूर्वीची, म्हणजे पीटीआय, चाचणी झालेली हवी. दारात सेट तापमान, हवा खेळायची खिडकी, पाणी जायची छिद्रे, दाराचे रबर आणि तळाच्या टी-आकाराच्या पट्ट्यांमधली सफाई पाहावी. आतल्या भिंतीवरच्या लाल रेघेच्या वर माल रचू नये, नाहीतर हवा फिरत नाही. उघड्या अंगणात माल भरायचा असेल तर डबा आधी थंड करून ठेवणे उलटे पडते. बाहेरची दमट हवा आत शिरताच सगळीकडे पाणी सुटते.

वजन आणि सील

जानेवारी २००७ मध्ये ‘एमएससी नापोली’ हे जहाज इंग्लिश खाडीत तडकले. नंतर त्याच्या डेकवरचे डबे तोलले गेले, तेव्हा ६६० पैकी १३७ डब्यांच्या खऱ्या आणि कागदावरच्या वजनात तीन टनांहून जास्त फरक निघाला. अशा अनुभवांतून १ जुलै २०१६ पासून व्हीजीएम, म्हणजे तपासून घोषित केलेले एकूण वजन, जगभर सक्तीचे झाले. भरलेला डबा काट्यावर तोलावा किंवा माल, पॅकिंग आणि दारावर लिहिलेले रिकाम्या डब्याचे वजन यांची बेरीज करावी. दुसरी पद्धत निवडणाऱ्याने रिकाम्या डब्याच्या वजनाचा आकडा अंदाजाने टाकला तर सगळा हिशेब चुकतो.

आत काय आहे हे खरे सांगण्याचे मोल त्याहून मोठे. जून २०२२ मध्ये बांगलादेशातील सीताकुंडच्या कंटेनर डेपोत हायड्रोजन पेरॉक्साइडच्या साठ्याला आग लागली आणि चाळीसहून अधिक माणसे गेली, त्यात आग विझवायला धावलेले जवानही होते. मे २०२५ मध्ये ‘एमएससी एल्सा ३’ हे जहाज कोचीजवळ बुडाले तेव्हा प्लास्टिकचे दाणे केरळच्या किनाऱ्यावर पसरले आणि कोणत्या डब्यात काय आहे हा प्रश्न मच्छिमारांच्या पोटाचा झाला. अर्नाळा, पाचूबंदरच्या कोळ्यांना ही काळजी समजावून सांगावी लागत नाही. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबईच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ला दुसऱ्या जहाजाची धडक बसली, शेकडो डबे पाण्यात गेले आणि त्यांत कीटकनाशकेही होती.

माल भरून झाला की सील. उच्च सुरक्षेचे बोल्ट सील जबाबदार माणसाने स्वतः लावावे. पाहणे, क्रमांक पडताळणे, ओढणे, पिळणे अशी चार कामे करून फोटो काढावा. भारतात २०१७ पासून कारखान्यात स्वतः सील मारणाऱ्या निर्यातदारांना रेडिओ लहरींनी वाचता येणारे ई-सील लागते. पण सील फक्त लावल्यानंतरची गोष्ट सांगते. आधीपासून फुटक्या, ओल्या किंवा पोकळ भिंतीच्या डब्याला ते वाचवू शकत नाही.

पुढचे बंदर

३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे वाढवण बंदराची पायाभरणी झाली. डहाणू तालुक्यातल्या या बंदराचा खर्च सुमारे ७६ हजार कोटी रुपये आणि क्षमता २ कोटी ३२ लाख टीईयू सांगितली जाते. किनाऱ्यावरच्या मच्छिमारांचा त्याला विरोध आहे आणि त्यांचे प्रश्न खरे आहेत. बंदर पूर्ण झाले तर पालघर जिल्ह्यात यार्डे, गोदामे आणि डब्यांची वर्दळ आजच्या कितीतरी पट वाढेल. ती कामे करायला शिकलेली माणसे याच जिल्ह्यातली असावीत की बाहेरून यावीत, हे आत्ताच ठरवायला हवे.

डबा तपासायला मोठा खर्च लागत नाही. टॉर्च, हातोडी, फीत, ओलावा मोजायचे यंत्र, सात जागांचा एक कागद आणि मोबाइलचा कॅमेरा पुरे. वसईच्या उद्योजकांनी तीन गोष्टी कराव्यात. डबा कटऑफच्या आदल्या दिवशी नव्हे, दोन दिवस आधी मागवावा. यार्डाच्या फाटकावर आपला माणूस पाठवून तेथेच डबा पाहावा. आणि दारावर तपासणी करणाऱ्याला, मग तो सुपरवायझर असो वा माथाडी टोळीचा मुकादम, डबा नापास करण्याचा अधिकार लेखी द्यावा, त्या निर्णयाने गाडी परत गेली तरी त्याला बोल लावू नये. आयटीआय आणि स्थानिक महाविद्यालयांनी हा विषय आठवड्याभराच्या अभ्यासक्रमात शिकवावा. माल भरण्याआधीची वीस मिनिटे वाचवून आजवर कोणाचे भले झालेले नाही. ती वीस मिनिटे द्या.