पाठीमागचा तांबडा दिवा

मोटारीला ब्रेक असतो तो आत बसलेल्यांच्या रक्षणासाठी; परंतु ब्रेकबरोबर पेटणारा पाठीमागचा तांबडा दिवा असतो तो मागून येणाऱ्या परक्या माणसासाठी. ‘मी थांबत आहे, सावध व्हा,’ एवढेच तो सांगतो. ताशी ४० किलोमीटर वेगाने येणारा स्कूटरस्वार एका सेकंदात सुमारे ११ मीटर पुढे जातो. म्हणजे त्याला ही सूचना एक सेकंद उशिरा मिळाली, तर अडीच मोटारींच्या लांबीएवढे अंतर हातचे गेले. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी हा दिवा आवश्यक ठरविला आहे, तो याचसाठी.

तथापि या दिव्याचे एक वैगुण्य आहे. पुढचा दिवा गेला, तर रस्ता अंधारतो व दोष तत्काळ कळतो. पाठीमागचा दिवा मात्र मोटार हाकणाऱ्याला दिसतच नाही; तो गेल्याचे महिनोन् महिने कळत नाही.

इंदुरातील काही घरांच्या अंगणांत अजूनही जुनी अँबॅसॅडर किंवा प्रीमियर पद्मिनी जपून ठेवलेली आढळते. पहिली उत्तरपाड्यास तयार होई, दुसरी मुंबईस कुर्ल्याला. अँबॅसॅडरची निर्मिती २०१४ साली थांबली. पद्मिनीची त्याच्या कितीतरी आधी. अशा गाडीचा ब्रेक लाइट बिघडला की पुष्कळजण थेट नवा बल्ब आणतात, आणि तोही पेटला नाही म्हणजे मिस्त्रीला दोष देतात. वास्तविक विजेचा मार्ग एकदा समजून घेतला, तर दोष कोठे आहे हे आपल्यालाच शोधून काढता येते.

तो मार्ग असा : बॅटरीतून निघालेली वीज फ्यूजमधून ब्रेकच्या स्विचकडे जाते, पेडल दाबताच स्विच तिला वाट करून देतो, तेथून ती बल्बमध्ये जाते आणि मोटारीच्या लोखंडी अंगातून बॅटरीकडे परतते. परतीसाठी वेगळी वायर नसते. मोटारीचे अंगच वायरीचे काम करते. यालाच मिस्त्री लोक ‘अर्थ’ म्हणतात. बहुतेक गाड्यांत एकाच बल्बमध्ये दोन तारा असतात : रात्रीच्या मंद दिव्यासाठी ५ वॅटची व ब्रेकसाठी २१ वॅटची. म्हणून रात्रीचा दिवा पेटतो एवढ्यावरून ब्रेक लाइटही ठीक आहे असे समजू नये.

आता लक्षणे पाहू.

एकच बाजू बंद असेल, तर फ्यूज आणि स्विच निर्दोष आहेत हे उघड आहे. कारण दुसरी बाजू त्यांच्यावरच चालते. दोष त्या बाजूचा बल्ब, होल्डर किंवा वायर यांत शोधावा. दोन्ही बाजूंचे बल्ब अदलाबदल करून पाहावेत. बंद दिवा बल्बाबरोबर दुसरीकडे गेला, तर बल्ब गेलेला आहे.

दोन्ही बाजू बंद असतील, तर दोन्ही बल्ब एकाच वेळी जाणे क्वचितच घडते; प्रथम फ्यूज पाहावा. अनेक जुन्या गाड्यांत चावी चालू असल्यावाचून हे दिवे पेटत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. फ्यूज ठीक असेल, तर स्विचच्या दोन वायरी काढून एकमेकींना जोडाव्यात. दिवे पेटले की दोष स्विचचा. पुष्कळ जुन्या गाड्यांत हा स्विच ब्रेक ऑइलच्या नळीवर बसविलेला असतो व ऑइलच्या दाबाने चालतो. तो बदलताना नळीत हवा शिरते आणि ती काढली नाही, तर ब्रेकच लागत नाही. सबब हे काम मिस्त्रीकडूनच करून घ्यावे.

दिवे सतत पेटलेले राहत असतील, तर स्विच अडकला आहे किंवा पेडल पूर्ण वर येत नाही. दोन दिव्यांना मिळून सुमारे साडेतीन अँपिअर वीज लागते. चावी बंद करूनही ते जळत राहिले, तर ४० अँपिअर-तासांची बॅटरी एका रात्रीत रिकामी होईल.

चौथे लक्षण सर्वांत फसवे. ब्रेक दाबला की दिवा मिणमिणतो, किंवा भलताच दिवा पेटतो. येथे बल्ब निर्दोष असतो. परतीची वाट बंद झालेली असते. आमच्या गोव्याकडे खाऱ्या वाऱ्याने, तर इकडे माळव्यात पावसाळ्याच्या पाण्याने होल्डर गंजतो. मग अडलेली वीज त्याच बल्बच्या दुसऱ्या तारेतून उलट शिरून इतर दिव्यांवाटे परतू पाहते. होल्डरपासून मोटारीच्या स्वच्छ खरवडलेल्या पत्र्यापर्यंत एक वायर धरून पाहावी. दिवा लख्ख पेटला, तर निदान झाले. गंज पॉलिश पेपरने घासून काढला की पुष्कळदा पैही खर्च होत नाही.

एक गोष्ट मात्र कदापि करू नये : फ्यूज वारंवार जळतो म्हणून तेथे जाड तार किंवा चांदीचा कागद घालू नये. फ्यूज जळणे हा रोग नव्हे, रोगाची सूचना आहे. ती दडपली, तर फ्यूजऐवजी वायरी जळतील.

मुंबई-आग्रा रस्त्याने इंदुराहून निघून मानपूरच्या पुढे घाट उतरू लागले की या दिव्याचे मोल कळते. तेथे गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवून वेग आवरणे योग्यच. परंतु पेडल दाबल्याखेरीज ब्रेक लाइट पेटत नाही. म्हणून मागे वाहन असल्यास पेडलला हलका स्पर्श करून त्याला सूचना द्यावी.

या तपासणीत विद्यार्थ्यांनाही हातभार लावता येईल. गाडी सपाट जागी उभी करून, हातब्रेक ओढून, चाकांखाली दगड लावावेत. वडिलांनी पेडल दाबावे आणि मुलामुलींनी मागे, पण एका बाजूस उभे राहून दोन्ही दिवे पाहावेत. महिन्यातून एकदा, आणि घाटाच्या प्रवासापूर्वी अवश्य, एवढे करण्यास दोन मिनिटेही लागत नाहीत. जे आपल्याला दिसत नाही ते दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहून घ्यावे. मागून येणाऱ्या अनोळखी माणसाचे प्राण त्यावर अवलंबून असतात.