घोड्याची नजर, मुलीची उंची

सवयीमुळे रोजच्या वस्तू माणसाला दिसेनाशा होतात आणि साहित्य त्या पुन्हा दिसायला लावतं, असं रशियन समीक्षक व्हिक्टर श्क्लोव्हस्की यांनी १९१७ साली मांडलं. मराठी समीक्षेत याला अपरिचितीकरण म्हणतात. त्यांनी दाखला दिला टॉलस्टॉय यांच्या ‘खोल्स्तोमेर’ कथेचा. तिथे घोडा आपली कहाणी सांगतो, आणि माणसं ‘माझं’ म्हणतात म्हणजे नेमकं काय, हे त्याला काही केल्या उमगत नाही. अंगवळणी पडलेली मालकी वाचकालाही एकदम विचित्र वाटू लागते.

कंपनीच्या कामात याचा काय उपयोग?

डग डायट्झ जनरल इलेक्ट्रिकसाठी एमआरआय यंत्रांची रचना करत. आपलं नवं यंत्र बघायला ते मोठ्या अभिमानाने रुग्णालयात गेले, तेव्हा तपासणीला आलेली एक चिमुरडी रडत होती. डायट्झ गुडघ्यांवर बसले. तिच्या उंचीवरून दिसली ती धोक्याची सूचना, जमिनीवरची पिवळी-काळी पट्टी आणि अंधारं भोक असलेला अजस्र ठोकळा. घोड्याच्या नजरेने टॉलस्टॉयनी साधलं, तेच इथे दोन फूट खाली झुकल्याने साधलं.

पुढे पिट्सबर्गच्या बालरुग्णालयात असंच एक यंत्र चाच्यांचं जहाज झालं. आतलं तंत्र तेच राहिलं. भिंती रंगल्या, तंत्रज्ञांच्या हाती गोष्ट आली, यंत्राचा धडधडाटही साहसाचा भाग झाला. खरी कल्पकता या शेवटच्या युक्तीत आहे. भूल द्यावी लागणारी मुलं बरीच कमी झाली. तपासणी आटोपल्यावर एका मुलीने तर आईला विचारलं, उद्या पुन्हा यायचं का?