प्रौढ स्वमग्नांचे दैनंदिन जीवन
संवाद, सामाजिक व्यवहार आणि संवेदना यांची जन्मजात निराळी घडण असलेली स्वमग्नता बालपणापुरती मानली जाते, परंतु ती आयुष्यभर सोबत असते. रावेरच्या केळीपट्ट्यात, ट्रक भरताना हॉर्न आणि हाकाटी एकदमच चालू असताना, अशा प्रौढाने कानांवर हात ठेवणे हा हट्ट नव्हे, तर संवेदनातिरेक, म्हणजे आवाज किंवा उजेड असह्य होण्याची अवस्था, असू शकते. घडांची प्रतवारी मात्र त्याला उत्तम जमू शकते. लग्नघरात नजर न भिडवणाऱ्याला नातलग आढ्यतेखोर ठरवतात, हा गैरसमज विशेष जाचक होय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार स्थानिक समिती गरजेप्रमाणे अठरा वर्षांवरील व्यक्तीसाठीही पालक नेमू शकते, मात्र प्रत्येकाला त्याची गरज असतेच असे नाही.