पित्ताम्ल आणि कोंबड्यांची रक्ती हगवण

आपल्या पांढुर्णा-सौसर परिसरात परसातील कोंबड्या हा अनेक गृहिणींच्या हातखर्चाचा आधार असतो. पावसाळ्यात पिल्लांना रक्ती हगवण लागली की माणसांच्या दवाखान्यातही मला विचारणा होते, ‘डॉक्टरसाहेब, यावर काही औषध?’ त्या निमित्ताने हा विषय व्यवसायबंधूंसमोर व समाजबांधवांसमोर मांडतो.

हा रोग ‘आयमेरिया’ या एकपेशीय परजीवीमुळे होतो. विष्ठेतून पडलेल्या त्याच्या ऊसिस्ट ऊब, ओलावा व प्राणवायू मिळाल्यास एक-दोन दिवसांत संसर्गक्षम होतात. प्रत्येकीत ८ स्पोरोझोइट असतात. पिल्लाने ऊसिस्ट टिपली की पेषणीत तिचे कवच फुटते आणि पुढे आतड्यात ट्रिप्सिन व पित्तक्षार यांच्या क्रियेने स्पोरोझोइट मोकळे होतात. म्हणजे यजमानाचे पित्तच शत्रूला दार उघडून देते!

मग तेच पित्ताम्ल शत्रूवर उलटवता येईल काय? पित्ताम्ले साबणाप्रमाणे पेशीपटलातील स्निग्धांश विरघळवतात, म्हणून ही कल्पना निराधार नाही. मात्र जी मात्रा परजीवीला मारील, ती आतड्याच्या पेशीलाही मारू शकते. म्हणूनच प्रयोगशाळेत दोन प्रश्न एकत्र विचारावे लागतात: पित्ताम्लात ठेवलेल्या स्पोरोझोइटांपैकी किती गाईच्या मूत्रपिंडपेशींच्या संवर्धनात शिरतात, आणि त्याच मात्रेत त्या पेशी स्वतः किती तगतात? यानंतरच प्रत्यक्ष पक्ष्यांमध्ये वजनवाढ, आतड्यातील व्रण व विष्ठेतील ऊसिस्टची संख्या पाहावयाची.

२०१९ मध्ये अमेरिकेतील आर्कान्सा येथील संशोधकांनी खाद्यातील डीऑक्सिकोलिक आम्लामुळे कोंबड्यांचा आंत्रकोथ कमी झाल्याचे प्रसिद्ध केले. हा रोग आयमेरिया व क्लॉस्ट्रिडियम यांच्या संयोगाने निर्माण केलेला होता. परंतु त्यांचा भर दाहशमनावर होता. परजीवी मरतो, असा निष्कर्ष त्यावरून काढता येत नाही.

तेव्हा घरात उरलेल्या अर्सोडीऑक्सिकोलिक आम्लाच्या गोळ्या कोंबड्यांना देऊ नयेत. थायमिनशी साधर्म्य असलेले अँप्रोलियम हे प्रस्थापित औषध पशुवैद्यांच्या सल्ल्याने द्यावे. खुराड्यातील तूस कोरडा ठेवावा, ओला भाग रोज काढावा, पाण्याचे भांडे सांडू देऊ नये. साध्या जंतुनाशकांना ऊसिस्ट दाद देत नाही. कोरडेपणापुढे मात्र तिचे फारसे चालत नाही. कोंबडीचा हा आयमेरिया माणसाला बाधत नाही, हेही घरोघरी सांगावे.