महाप्रयोगशाळेंतील शास्त्रज्ञाचा दिवस

शास्त्रज्ञ म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें एक ठराविक चित्र उभें राहतें. एकांतांतली खोली, मेजावर कांचेच्या नळ्या, विस्कटलेले केस आणि मध्यरात्रीं केव्हां तरी 'सांपडलें!' म्हणून केलेला हर्षनाद. श्रोतेहो, आज मी ज्या शास्त्रज्ञाच्या दिनक्रमाविषयीं बोलणार आहें, त्याच्या वांट्याला ह्यांतलें फारसें कांहीं येत नाहीं. एकांत तर नाहींच नाहीं. कारण त्याच एका प्रयोगावर काम करणारीं माणसें तीन हजारांच्या घरांत असतात.

स्वित्झर्लंड आणि फ्रान्स यांच्या सरहद्दीवर, जिनीव्हा शहराजवळ, 'सर्न' नांवाची संस्था आहे. महायुद्धानें होरपळलेल्या युरोपांतील बारा राष्ट्रांनीं मिळून ती १९५४ सालीं उभी केली. तेथें जमिनीखालीं सुमारें १०० मीटर खोलीवर २७ किलोमीटर परिघाचा वर्तुळाकार बोगदा आहे. त्यांतून प्रोटॉनांचे दोन प्रवाह परस्परविरुद्ध दिशांनीं, जवळजवळ प्रकाशाच्या वेगानें, सेकंदाला ११,००० हून अधिक फेऱ्या घालतात. त्यांना वळणावर ठेवणारे १,२३२ प्रचंड चुंबक उणें २७१ अंश सेंटिग्रेड इतक्या थंडींत ठेवावे लागतात. चार ठिकाणीं हे प्रवाह एकमेकांना छेदतात, आणि तेथें काय घडलें हें टिपण्यासाठीं अवाढव्य वेधयंत्रें बसविलीं आहेत. त्यांपैकीं 'सीएमएस' नांवाच्या यंत्राचें वजन १४,००० टन आहे. त्याचा एक भाग घडविण्यांत आपल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा हात आहे, हें आपल्यापैकीं पुष्कळांस ठाऊक नसेल.

आपला शास्त्रज्ञ सकाळीं उठून ह्या यंत्राजवळ जातो काय? मुळींच नाहीं. यंत्र चालू असतांना किरणोत्सर्गाच्या भयामुळें खालीं कोणासही उतरतां येत नाहीं. जिनीव्हांतील घरभाडें परवडत नाहीं, म्हणून तो बहुधा सरहद्दीपलीकडच्या एखाद्या फ्रेंच खेड्यांत राहतो आणि सायकलीवरून किंवा मोटारींतून येतो. म्हणजे रोज कामावर जातांना तो एक देश ओलांडतो! मग दोघां-तिघांनीं वांटून घेतलेल्या लहानशा खोलींत तो गणकयंत्रापुढें बसतो. काल रात्रीं यंत्राला दिलेल्या आज्ञावलींत कोठें तरी चूक राहिलेली असते. ती शोधण्यांत दोन प्रहर होतात. नंतर सभा. सभा हा तर ह्या संस्थेचा कुलधर्मच म्हटला पाहिजे. कोणी शिकागोहून, कोणी मुंबईहून आपापल्या घड्याळाप्रमाणें जांभया देत दूरयंत्रावरून तींत भाग घेतो. अशा विखुरलेल्या मंडळींचे कागद एकमेकांस सहज दिसावे, ह्या अडचणींतूनच टिम बर्नर्स-ली यांनीं १९८९ सालीं येथें एक योजना सुचविली. ज्या विश्वजालावांचून आज आपलें पान हलत नाहीं, तें त्या योजनेचें फळ होय.

परंतु ह्या माणसाचें खरें काम कोणतें, असें मला कोणी विचारलें, तर मी म्हणेन, टाकून देणें. घरांत धान्य निवडतांना आपण खडे टाकतों आणि दाणे ठेवतों. येथें खड्यांचे डोंगर आणि त्यांत एखादा दाणा, तोहि आहे कीं नाहीं याची शाश्वती नाहीं. प्रवाहांतले प्रोटॉनांचे पुंजके सेकंदाला सुमारें चार कोटि वेळां एकमेकांस छेदतात. इतक्यांची नोंद ठेवूं शकेल असें भांडार जगांत नाहीं. म्हणून पहिली चाळण प्रत्येकाचा निवाडा सेकंदाच्या लक्षांशाहूनही अल्प काळांत करून सेकंदाला सुमारें एक लाख प्रसंग निवडते. दुसरी त्यांतले कांहीं हजार काय ते राखते. बाकीचें सारें कायमचें गेलें. तें पुन्हां पाहण्याची सोय नाहीं. चाळणीचीं भोकें कोणत्या मापाचीं असावीं हें माणसांनीं अगोदर ठरविलेलें असतें, आणि तें माप चुकलें तर ज्याच्यासाठीं हा खटाटोप, तीच वस्तु रोज डोळ्यांदेखत निसटून जाईल. ह्या धास्तीनें तेथल्या माणसांची झोंप उडते, उगीच नव्हे.

म्हणूनच नियंत्रणकक्षांत अहोरात्र पहारा असतो. आठ-आठ तासांच्या पाळ्या. रात्रपाळीला आलेला तरुण दहा-पांच पडद्यांकडे पाहत कॉफी पीत बसतो, आणि बहुतेक रात्रीं कांहींएक घडत नाहीं. मात्र घडतें तेव्हां अनपेक्षित घडतें. १९ सप्टेंबर २००८ रोजीं, यंत्र सुरू होऊन नऊच दिवस झाले असतां, दोन चुंबकांमधला विजेचा एक सांधा निकामी झाला, द्रवरूप हेलियम उसळलें आणि सारें काम वर्षाहून अधिक बंद पडलें. २०१६ च्या एप्रिलांत तर मुंगसासारख्या एका लहानशा प्राण्यानें विजेच्या रोहित्रांत शिरून स्वतःचा प्राण गमावला आणि जगांतलें सर्वांत मोठें यंत्र थांबविलें!

दुसरी धास्ती स्वतःच्या मनाची. जें हवें तेंच दिसावें हा मनुष्यस्वभाव आहे, आणि शास्त्रज्ञहि त्याला अपवाद नाहीं. यासाठीं तेथें अशी चाल आहे कीं, आलेखाचा जो भाग महत्त्वाचा, तोच झांकून ठेवावयाचा. कसोट्या, मर्यादा, चुकीचा अंदाज हें सारें ठरून सहकाऱ्यांनीं मान्य केलें म्हणजे मगच झांकण काढावयाचें. एवढ्यानेंहि भागत नाहीं. केवळ योगायोगानें तसें दिसण्याचा संभव सुमारें ३५ लाखांत एक इतका अल्प ठरेल, तेव्हांच 'शोध' हा शब्द उच्चारावयाचा. ४ जुलै २०१२ रोजीं हिग्ज कणाची वार्ता जाहीर झाली ती या कसोटीला उतरूनच. १९६४ सालीं त्या कणाचें भाकीत करणारे पीटर हिग्ज सभागृहांत बसले होते आणि डोळे पुसत होते.

पण याच्या उलट प्रसंग मला अधिक बोधप्रद वाटतो. २०१५ च्या डिसेंबरांत दोन निरनिराळ्या वेधयंत्रांच्या आलेखांवर एकाच जागीं लहानसा उंचवटा दिसला. हिग्ज कणाच्या सहापट वजनाचा कोणी नवाच कण असावा! कित्येक महिने जगभर चर्चा चालली. तत्त्वचिंतकांनीं शेंकडों निबंध लिहिले. प्रयोग करणारे मात्र आंकडे गोळा करीत राहिले, आणि २०१६ च्या ऑगस्टांत, माहिती वाढतांच, तो उंचवटा विरून गेला. चूक कोणाचीच नव्हती. नाणें लागोपाठ कांहीं वेळां छाप्यावर पडावें, तसा तो प्रकार होता.

या सर्वांत एकट्या माणसाचें काय उरतें? हिग्ज कणाच्या वजनाविषयीं २०१५ सालीं दोन्ही गटांनीं मिळून एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचीं पृष्ठें ३३. पैकीं मजकूर नऊ पृष्ठांचा, आणि उरलेल्या २४ पृष्ठांत मुख्यतः लेखकांचीं व त्यांच्या संस्थांचीं नांवें! लेखक ५,१५४. चाळणीचें एक भोंक नीट करण्यांत ज्यानें तीन वर्षें घालविलीं, त्याचें नांव त्या यादींत कोठें तरी असतें. नोकरी बहुधा दोन-तीन वर्षांच्या मुदतीची. ती संपण्यापूर्वीं दुसऱ्या देशांत दुसरी शोधावयाची, आणि पत्नी किंवा पति तिसऱ्याच शहरीं. घरून पत्र येतें, 'तुला काय सांपडलें?' ह्या प्रश्नाचें खरें उत्तर घरच्यांच्या गळीं उतरविणें कठीण जात असलें पाहिजे. कारण २०१२ नंतर नवा मूलकण म्हणावा असा एकही ह्या यंत्रांत आढळलेला नाहीं. विद्यार्थ्याच्या प्रबंधाचें शेवटचें प्रकरण बहुधा एवढेंच सांगतें कीं, अमुक वजनापर्यंत असा कण नाहीं. आणि पुढचा विद्यार्थी त्या आंकड्याच्या पुढून शोधावयास लागतो.